ड्रोन बनवणाऱ्या लेकरांना दिवसाउजेडी जागा द्या: सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामसुरक्षा दलांना खुलं पत्र

रामराम.

हे पत्र बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि शेजारच्या जिल्ह्यांतल्या सरपंच ताई-दादांना, पोलीस पाटलांना आणि ग्रामसुरक्षा दलात रात्र-रात्र जागलेल्या मंडळींना आहे. जिथं सरपंच ताई आहेत तिथं पत्र ताईंनी स्वतः वाचावं. यजमानांनी वाचून 'काही विशेष नाही' असं सांगू नये, ही पहिली विनंती.

मी बीड जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी टीव्ही-मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. संध्याकाळी दुकानात आयटीआयची, डिप्लोमाची, काही नववी-दहावीची लेकरं येऊन बसतात. त्यांना ड्रोन करायचा असतो. लग्नात वरून शूटिंग करणारा विकतचा नव्हे. सुटे भाग आणून, सोल्डर मारून, प्रोग्राम लिहून केलेला, खाली छोटा कॅमेरा असलेला. मी टेबल देतो, हत्यारं देतो, विजेचं जे येतं ते शिकवतो. प्रोग्रामिंग तीच मला शिकवतात.

मागणी आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत वाचायला सवड नसेल त्यांचंही भागेल. गावच्या शाळेचं मैदान, किंवा शाळेच्या ताब्यात देता येईल असा गायरानाचा तुकडा, आठवड्यातून एक सकाळ या लेकरांना उडवायला द्या. आणि ते तोंडी नको, ग्रामसभेच्या ठरावात लिहून द्या.

2024 च्या जून-जुलैत काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. रात्री आभाळात लुकलुकणारे दिवे, 'ड्रोन आला' म्हणून एका गावाहून दुसऱ्या गावाला फोन, व्हॉट्सॲपवर काळेकुट्ट व्हिडिओ, आणि चोर आधी ड्रोननं घरं हेरून जातात ही पारावरची चर्चा. गावोगावची तरुण पोरं काठ्या अन् बॅटऱ्या घेऊन जागली. गस्त घालणाऱ्यांना मी हसणार नाही. आपल्याकडं दिवाळी आटोपली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, कितीतरी घरांना कुलूप लागतं, मागं म्हातारी माणसं आणि शाळेची लेकरं. उन्हाळ्यात बायामाणसं गच्चीवर नाहीतर अंगणात झोपतात. अशा गावाला वरून कुणी बघतंय असं वाटलं तर झोप कशी लागणार? अफवा फुगली होती हे खरं, पण तिच्याखालची भीती खोटी नव्हती.

गस्त थांबली, पण संशय तसाच राहिला आणि आता तो दिवसाच्या पोरांवर निघतो. आमच्या शेजारच्या एका गावात दोन पोरं सकाळी साडेसातला स्वतःच्या रानाच्या बांधावर ड्रोन उडवून बघत होती. वीसेक माणसं धावून आली. ड्रोन उतरल्यावर त्याचा सांगाडा पायाखाली मोडला, पोरांचे मोबाइल काढून घेतले आणि दुपारपर्यंत त्यांना चावडीत बसवून ठेवलं. पोलिसांनी येऊन यंत्र बघितलं, नावं लिहून घेतली आणि पोरांना घरी पाठवलं. तिथवर ठीक. पण त्यातल्या एकाच्या वडिलांनी रात्री उरलेला सगळा पसारा उकिरड्यावर टाकला, कारण गावात तोंड दाखवायची चोरी झाली होती. दुकानात येणाऱ्या मुलींची तर आणखी वेगळी कथा. मुलगा रानात यंत्र घेऊन गेला तर चोर ठरतो. मुलगी गेली तर तिच्याबद्दल काय बोललं जातं ते इथं लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक आहे.

म्हणून म्हणतो, आधी हे यंत्र एकदा हातात घेऊन बघा. निदान पोलीस पाटलांनी तरी बघावं, कारण पुढच्या वेळी ओरडा झाला की निवाडा तुम्हालाच करायचाय.

आमच्या टेबलावरच्या ड्रोनचं वजन सगळं धरून 250 ग्रॅमच्या आत. कायद्यात याला 'नॅनो' म्हणतात. त्यातली जड वस्तू म्हणजे बॅटरी, पाऊणशे ग्रॅमच्या आसपास. चार मोटरी मिळून चाळीसेक ग्रॅम, सांगाडा तेवढाच किंवा थोडा जास्त, मग पंखे, मोटरींचा वेग सांभाळणारं ईएससी, जीपीएस, रिमोटचा रिसीव्हर, वायरी. कॅमेरा 3 ग्रॅमचा. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप तो छोटा कॉम्प्युटर जेमतेम दहा-अकरा ग्रॅमचा.

या कॉम्प्युटरचं नाव रास्पबेरी पाय झिरो टू डब्ल्यू, आम्ही नुसतं 'पाय' म्हणतो. 65 मिलिमीटर लांब, 30 रुंद, एकाच हिरव्या पट्टीवर प्रोसेसर, 512 एमबी मेमरी, वायफाय, सगळं. 2021 च्या ऑक्टोबरात तो बाजारात आला तेव्हा जाहीर किंमत 15 डॉलर होती. त्याच्यावर लिनक्स ही मोठ्या कॉम्प्युटरवरची ऑपरेटिंग सिस्टिम चालते, म्हणजे नावाला नाही तर खरोखरचा कॉम्प्युटर आहे. मग प्रत्येक नवं लेकरू पहिला प्रश्न तोच विचारतं: एवढा हुशार बोर्ड असताना उडवायला दुसरा बोर्ड कशाला?

कारण उडवणं आणि विचार करणं ही दोन वेगळी कामं आहेत. बैलगाडीत कासरा धरणारा एक असतो आणि मागं पोत्यावर बसून आडतीचा हिशेब लिहिणारा दुसरा. हिशेबवाल्याच्या हातात कासरा दिला तर गाडी नालीत जाते. ड्रोनमध्ये कासरा धरतो तो फ्लाइट कंट्रोलर, एक साधी चिप असलेला छोटा बोर्ड. यंत्र किती कललं, कुठं फिरलं हे तो जायरोस्कोपकडून घेतो आणि त्याप्रमाणे चारही मोटरींचा वेग बदलत राहतो. अर्डुपायलट नावाचं जे खुलं सॉफ्टवेअर आहे, त्यात हे मुख्य चक्र सेकंदाला 400 वेळा फिरतं. लिनक्सला एकाच वेळी दहा कामं असतात. मध्येच ते मेमरी कार्डावर फोटो लिहायला गेलं आणि क्षणभर उशीर झाला, तर ड्रोन तेवढ्यात कलंडतो. लिनक्सचं रिअल-टाइम कर्नल, म्हणजे नेमक्या वेळी काम करणारा गाभा, बसवून पायवरच सगळं उडवणारे हौशी लोक आहेत. नवख्यांनी त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत. आमच्याकडं पाय फक्त कॅमेरा सांभाळतो, फ्लाइट कंट्रोलरकडून जागा आणि उंची विचारून घेतो आणि प्रत्येक फोटोसोबत नोंदवतो.

माझ्यासारख्याला यात सगळ्यात गोडी वाटते ती वीजपुरवठ्याची. आयुष्य जुन्या टीव्हीच्या पॉवर सप्लायमध्ये गेलं, आणि हे लेकरांचं उडतं यंत्रही शेवटी तिथंच अडतं. पायला स्वच्छ 5 व्होल्ट लागतात. पोरांनी एकदम थ्रॉटल दिला की मोटरी बॅटरीतून दाबून करंट ओढतात, व्होल्टेज बसतं आणि पाय हवेतच रिस्टार्ट होतो. ड्रोन उडत राहतो, कारण त्याचा बोर्ड वेगळा, पण कॅमेरा आंधळा. त्यावर पायला स्वतंत्र रेग्युलेटर आणि बॅटरीच्या तोंडाशी चांगला कॅपॅसिटर, हा उपाय. ज्या पोराला ओहमचा नियम चाचणीत लिहिता येत नव्हता, त्यानं मल्टिमीटर लावून हे व्होल्टेज बसताना पकडलं तेव्हा त्याला तो नियम परत समजावायची गरज पडली नाही. कॅमेऱ्याचं वेगळंच नाटक. तो चित्र एकदम घेत नाही, वरून खाली ओळीओळीनं घेतो. पंखा जरा असमतोल असला की थरथर होते आणि सरळ बांध फोटोत नागमोडी दिसतो. मग पंख्याला सेलोटेपचा तुकडा चिकटवून तोल साधायचा, कॅमेऱ्याखाली रबर द्यायचं. आणि टेबलावर असताना पंखे काढूनच मोटर फिरवायची. हा नियम मोडणाऱ्याला मी त्या दिवशी दुकानातून घरी पाठवतो, कारण ते पंखे बोट कापतात.

आता तुमच्या काळजीचा मुद्दा: याला दिसतं काय?

पायचा 8 मेगापिक्सेलचा कॅमेरा घ्या. लेन्सचं नाभीअंतर 3.04 मिलिमीटर, सेन्सरवरचा एक ठिपका 1.12 मायक्रोमीटर. हा कॅमेरा 50 मीटर उंचीवर नेला की जमिनीवरचे सुमारे 1.8 सेंटिमीटर एका ठिपक्यात येतात. माणसाचा चेहरा 15 सेंटिमीटर रुंद धरा. फोटोत तो आडवा आठ ठिपक्यांत संपला. आठ ठिपक्यांत पाटील कोण आणि कोतवाल कोण हे कळत नाही. दाराला कुलूप आहे की कडी, हे तर नाहीच. आणि ही गोष्ट लख्ख उन्हातली. रात्री एवढ्याशा लेन्समधून येणारा प्रकाश इतका थोडा की कॅमेऱ्याला फोटो घ्यायला जास्त वेळ उघडं राहावं लागतं. तेवढ्यात ड्रोन हलतो आणि हाती येतो काळा फराटा. पायच्या वायफायवरून चित्र खाली पाठवायचं म्हटलं तर शेताच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत ते अडकायला लागतं. बॅटरी सात-आठ मिनिटं. आवाज तर असा, की पन्नास मीटरवर असला तरी रात्रीच्या शांततेत गोठ्यातली जनावरंसुद्धा कान टवकारतील. चोरीला जाताना असली वाजंत्री कुणी सोबत घेत नाही.

विकतचे महाग ड्रोन याहून फार पुढचे आहेत. अर्ध्या तासाच्या आसपास उडणारे, चांगल्या कॅमेऱ्याचे, काहींना तर अंधारात अंगाची उष्णता टिपणारा कॅमेरा. त्यांच्यापासून धोका नाही असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की ते विकत घेणारा माणूस आणि माझ्या टेबलावर बसून जळालेल्या ईएससीचा वास घेणारं लेकरू, या दोघांना एकाच काठीनं मारू नका.

रात्रीच्या दिव्यांबद्दलही एक सांगतो, गस्तीला उपयोगी पडेल. आभाळात काही दिसलं की आधी मोबाइलवर वेळ बघा. छोटा ड्रोन एका जागी तासभर थांबू शकत नाही. दिवा तासभर तिथंच असेल तर तो तारा, ग्रह किंवा दूरच्या टॉवरचा दिवा. उघडझाप करत सरळ रेषेत आवाज न करता पलीकडं गेला तर बहुतेक उंचावरचं विमान. एका माळेत, न लुकलुकता, एकामागं एक दिवे चालले असतील आणि मध्येच विझत असतील, तर ते नव्यानं सोडलेले इंटरनेटचे उपग्रह. पृथ्वीच्या सावलीत शिरले की दिसेनासे होतात. भुणभुण ऐकू आली, दिवा खाली-वर झाला, थांबला, वळला, तर तो ड्रोन. तेव्हा पोलीस ठाण्याला जरूर कळवा. दगड मारू नका. तो कुणाच्या तरी डोक्यावर पडतो, ड्रोनही आणि दगडही.

आपल्या गावांना ड्रोन नवा नाही, हे आपण विसरलो. स्वामित्व योजनेत गावठाणाची मोजणी झाली तेव्हा घरांच्या हद्दीवर चुन्याच्या रेघा मारायला तुम्हीच माणसं लावली होती. वरून फोटो ड्रोननंच घेतले आणि त्यावरून घराच्या सनदा मिळाल्या. 2023 च्या नोव्हेंबरात केंद्रानं 'नमो ड्रोन दीदी' योजना मंजूर केली, 15,000 महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन द्यायला 1,261 कोटींची तरतूद. असा फवारणीचा ड्रोन गावात आला तर आपण नारळ फोडतो, हार घालतो. त्या ड्रोनच्या आत काय आहे? तोच जायरोस्कोप, त्याच जातीच्या मोटरी, तसलाच फ्लाइट कंट्रोलर, फक्त आकार मोठा. तो उद्या बंद पडला की दुरुस्तीला पुण्याला पाठवायचा, की आपल्याच गावच्या पोरीनं उघडून बघायचा? 9 फेब्रुवारी 2022 पासून परदेशी तयार ड्रोन आणायला बंदी आहे आणि सुटे भाग आणायला मोकळीक. म्हणजे इथं बनवा, हेच सरकारचं धोरण. ते दिल्लीत छापून आलं, आपल्या चावडीपर्यंत पोचलं नाही.

शेतीला उपयोग काय, हा प्रश्न पारावर नक्की येणार. उत्तर देताना मी हात राखून देतो. कापसाच्या बोंडातली गुलाबी अळी पन्नास मीटरवरून दिसत नाही, कुणी दिसते म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. पण तुरीतली मर कुठून सुरू झाली, सोयाबीन कोणत्या पट्ट्यात पिवळं पडलं, उगवण कुठं विरळ झाली, ऊस किती लोळला, पाणी कुठं तुंबलं, हे बांधावर उभं राहून कळत नाही आणि वरून एका नजरेत कळतं. मघाच्याच कॅमेऱ्याचा हिशेब: 50 मीटरवरून एका फोटोत साधारण 60 मीटर बाय 45 मीटर जमीन येते, म्हणजे जवळजवळ 27 गुंठे. दोन-तीन फोटोंत एकराचं काम झालं.

2025 च्या सप्टेंबरात सीना, मांजरा, सिंदफणा यांनी काय केलं ते आठवा. चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की मंडळात अतिवृष्टी धरतात. पुढं नुकसान 33 टक्क्यांच्या वर गेलं का, हे ठरवायला तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांनी बांधावर यावं लागतं. तिघं जण, गावं अनेक, वाटेत चिखल. ते येईपर्यंत पाणी ओसरतं आणि मग 'पाणी होतं कुठपर्यंत?' यावर वाद. पोरांचा फोटो म्हणजे पंचनामा नव्हे, तसा आग्रहही नाही. पण अमक्या तारखेला अमक्या गटात पाणी इथपर्यंत होतं, हे अधिकाऱ्यासमोर ठेवायला काहीतरी हातात राहतं. इथं एक बारकी गोष्ट. पायच्या या बोर्डाला स्वतःचं घड्याळ चालू ठेवायची बॅटरी नसते. रानात इंटरनेट नसलं तर तो भलतीच तारीख टाकतो. म्हणून आमची लेकरं वेळ उपग्रहाकडून, जीपीएसमधून घेतात आणि मगच फोटोवर टाकतात. हे त्यांचं त्यांनी शोधलं. तारीख चुकलेला कागद आपल्याकडं किती महागात पडतो हे त्यांच्या घरांना चांगलं माहीत आहे.

आता कायदा. 25 ऑगस्ट 2021 ला केंद्राचे ड्रोन नियम आले. 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. ग्रीन झोनमध्ये, म्हणजे सरकारी नकाशावर उडवायला मोकळ्या दाखवलेल्या भागात, 400 फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवायचं नाही, 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांच्या वर जायचं नाही. चिकलठाणा आणि नांदेडच्या आजूबाजूच्या गावांनी हे ध्यानात ठेवावं. झोनचा नकाशा डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर आहे. नियम मोडला तर दंड एक लाखापर्यंत. ड्रोनची नोंदणी करून ओळख क्रमांक घ्यावा लागतो. पण सरकारमान्य शिक्षणसंस्थेला संशोधन आणि चाचणीसाठी, ग्रीन झोनमध्ये, आपल्या आवारात किंवा आपल्या ताब्यातल्या मोकळ्या जागेत उडवायचा असेल, तर या नोंदणीतून आणि प्रमाणपत्रांतून सूट आहे. मी सारखं शाळेचं मैदान म्हणतोय ते यासाठी. बांधावर उडवणाऱ्या पोराला कागद गोळा करताना नाकी नऊ येतात. तेच पोर शाळेच्या, आयटीआयच्या छत्राखाली आलं की कायदा त्याच्या बाजूनं उभा राहतो. छत्र द्यायचं तर मुख्याध्यापक हवेत, आणि मुख्याध्यापक धजावायचे तर पाठीमागं सरपंच आणि पोलीस पाटील हवेत.

'आमच्या गावात ड्रोनला बंदी' असा फलक लावणाऱ्यांनी हेही बघावं. नियमाप्रमाणे तात्पुरता रेड झोन, म्हणजे उड्डाणबंदीचा भाग, जाहीर करायचा असेल तर तो पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा, तोही एका वेळी जास्तीत जास्त 96 तासांसाठी. जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश निघाला असेल तर त्या काळात उड्डाण बंद, त्यात वाद नाही, लेकरं डबा बंद करून ठेवतील. पण अधीक्षकांनाही जिथं 96 तासांची मर्यादा आहे, तिथं पारावर बसून कायमची बंदी घालण्याचा अधिकार कुठून आला?

ठरावात काय असावं, माझा कच्चा मसुदा असा. उड्डाण फक्त ठरलेल्या मैदानात, रविवारी सकाळी सात ते नऊ, म्हणजे वारा सुटायच्या आधी आणि बॅटरी तापायच्या आधी. आपल्या मे महिन्याच्या उन्हात लिपो बॅटरी फुगते, तेव्हा तशीही दुपार बाद. अंधार पडल्यावर एकही नाही. उंची शंभर फुटांच्या आत, डोळ्यांसमोर. पाणी-पिकाचा फोटो घ्यायचा असेल तर वेगळा दिवस, शेतमालक सोबत, कागद आधी पूर्ण केलेले आणि ठाण्याला आदल्या दिवशी कळवलेलं. शाळेतला एक शिक्षक हजर. एक वही: कोण, कोणता ड्रोन, किती वाजता. प्रत्येक ड्रोनवर शाळेचं नाव आणि क्रमांक ठळक लिहिलेला. आदल्या संध्याकाळी गावच्या ग्रुपवर निरोप आणि मंदिराच्या भोंग्यावरून एक वाक्य. रिमोटचा संपर्क तुटला तर यंत्र आपोआप खाली उतरेल अशी सोय आधी दाखवून द्यायची. ती पोलीस पाटलांनी स्वतः रिमोट बंद करून तपासावी. यातलं काही तुमच्या गावाला जड वाटलं तर बदला, पण लिहून ठेवा.

बायाबापड्यांच्या लाजेचा प्रश्न मी शेवटी टाकलेला नाही, वेगळा ठेवलाय. आपल्याकडं न्हाणीला छत नसलेली घरं अजून आहेत आणि वरून कॅमेरा गेला तर त्या बाईला काय वाटेल हे तिलाच माहीत. आठ ठिपक्यांचा हिशेब तिला ऐकवणं हा उद्धटपणा होईल. म्हणून घरांवरून उड्डाण नाहीच. गावठाणाची हद्द सुरू झाली की मागं फिरायचं, हे फ्लाइट कंट्रोलरमध्ये कुंपण म्हणून आधीच भरून ठेवता येतं आणि आम्ही भरतो. फोटो त्याच दिवशी शिक्षकांसमोर उघडायचे आणि नको ते पुसायचे. बाईचं खाजगी चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे, मग ते ड्रोननं केलेलं असो की खिडकीतून मोबाइलनं. असं कुणी केलं तर मी स्वतः फिर्यादीबरोबर ठाण्यात येईन. ग्रामसभेआधी जी महिला सभा होते तिथं हा ठराव आधी मांडा. तिथं अडला तर दुरुस्त करून परत आणू.

ग्रामसभा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला होतेच. येत्या सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्या. बोलावलंत तर मी आणि दोन-तीन लेकरं ड्रोन घेऊन येऊ. पंखे काढलेला, उघडून टेबलावर ठेवलेला, हात लावून बघायला. प्रश्न कितीही विचारा. एक अट मात्र आहे: उत्तरं लेकरं देतील, मी मागं बसेन.

आपला,
बीड जिल्ह्यातला एक दुरुस्तीवाला